चूलबंद आवतन

नालवाडीत सुरभी उमाटेला सगळे ओळखतात आणि ती काय काम करते हे एकालाही ठाऊक नाही. काहींच्या मते ती कॉम्प्युटर दुरुस्त करते, म्हणून सकाळी सकाळी दारात कोणीतरी बंद पडलेला टीव्हीचा रिमोट घेऊन उभा असतो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या मते ती घरबसल्या बँकेचं काम बघते. तिच्या आईला, आनंदाबाईंना, कोणी फारच खोदून विचारलं तर त्या "पेटी बनवते" एवढं सांगून विषय संपवतात, आणि ऐकणाऱ्या बाईला वाटतं, पोरगी सुतारकामाला लागली. सुरभीनं समजावून सांगायचं कधीच सोडून दिलंय. शिवाय मी सांगतोय त्या दिवसांत तिला स्वतःलाच आपण काय करून राहिलोय ते कळेनासं झालं होतं, तिथं नालवाडीकरांना दोष देण्यात काय हशील?

तिला यंत्रांचा नाद लावला तो मोठ्या बाबांनी. आमच्याकडं वडिलांच्या थोरल्या भावाला मोठे बाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. हे मोठे बाबा म्हणजे चंद्रभान उमाटे, पुलगावच्या कापडगिरणीत उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. लहानपणी सुरभीला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत सोडायचे ते. रविवारी अंगणात चटई टाकून जुना ट्रान्झिस्टर उघडायचे आणि पोरीला म्हणायचे, "पाह्य, कुठं काय तुटलं तं." तिला काही तुटलेलं दिसायचं नाही. मग ते म्हणायचे, "मंग काहीच तुटलं नसन. पुन्हा पाह्य." आणि सुरभी पुन्हा पाहायची.

पुढं ती इंजिनीअर झाली, पुण्याला नोकरीला लागली, आणि काही वर्षांनी तीच नोकरी लॅपटॉपमध्ये घालून नालवाडीला परत घेऊन आली. मोठ्या बाबांना आनंद झाला. त्या आनंदाच्या भरात त्यांनी हिंगणघाटकडचं एक स्थळ आणलं आणि पोरीला न विचारता शब्दही देऊन टाकला. सुरभी नाही म्हणाली. तिचे वडील, रूपराव, पोरीच्या बाजूनं उभे राहिले. मोठ्या बाबांना त्या लोकांपुढं मान खाली घालावी लागली, आणि घरी येऊन ते धाकट्या भावाला एवढंच म्हणाले, "तुह्या पोरीचं तू पाह्य." तेव्हापासून त्यांनी रूपरावांच्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. दोन्ही घरांमध्ये जेमतेम तीन गल्ल्या. पानठेल्यावर दोघं भाऊ समोरासमोर आले की एक जण आभाळाकडं बघायचा आणि दुसरा चपलेकडं.

सुरभीला वाटायचं, हे भांडण माझ्यामुळं झालं. वाटायचं काय, झालंच होतं.

आता त्या पेटीचं सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही समजायचं नाही.

पेटी होती जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी. कापूस पट्ट्यावरून पुढं सरकत असतो, वर कॅमेरा लावलेला. कापसात प्लास्टिकची चिंधी, सुतळीचा तुकडा, वेचणारणीचा एखादा लांब केस असं काही आलं की पेटीनं ते ओळखायचं आणि हवेचा झोत सोडून बाजूला उडवायचं. पट्टा काही कोणासाठी थांबत नाही, म्हणून पेटीतल्या प्रोसेसरला चार कोर दिलेले असतात. कोर म्हणजे कामाचा गडी समजा, एका घरातले चार गडी. चौघं मिळून बघतात तेव्हा कुठं चिंधी सापडते. एकटाच बघत बसला तर त्याला ती दिसेपर्यंत कापसाची गाठ बांधून झालेली असते.

हे चौघं काही एकदम उठत नाहीत. बटण दाबलं की एकच उठतो. त्याच्याकडून सगळ्यात आधी काम करून घेतो तो फर्मवेअर, बोर्ड बनवणाऱ्या कंपनीनं आतच घालून दिलेला छोटा प्रोग्राम. तो झाडझूड करतो, मेमरी ताळ्यावर आणतो आणि घराच्या किल्ल्या कर्नेलच्या हाती देतो. कर्नेल हा खरा कारभारी. राहिलेल्या तिघांना हाक मारून कामाला लावायचं ते त्यानं. तिघं कुठं बसलेत आणि त्यांना कोणत्या पद्धतीनं हाक मारायची, याचा तक्ता त्याला वाचायला दिलेला असतो.

सुरभीच्या टेबलावर अशा दोन पेट्या होत्या. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, आतल्या फर्मवेअरच्या आवृत्तीचा आकडासुद्धा एकच. पहिलीत चारही गडी हजर व्हायचे. दुसरीत, जी नुकतीच आली होती, एकच. बाकीच्या तिघांची नावं घेऊन कर्नेल पडद्यावर पुन्हा पुन्हा तीच ओळ लिहायचा की हा हजर झाला नाही, हाही हजर झाला नाही. आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात एकट्या गड्यावर संसार सुरू करायचा.

कर्नेल आणि तक्ता एका छोट्या कार्डावर होते. सुरभीनं दोन्ही पेट्यांमधली कार्डं अदलाबदल करून पाहिली. जुन्या पेटीत कोणतंही कार्ड घाला, चौघं हजर. नव्या पेटीत कोणतंही घाला, एकटाच. अडॅप्टर बदलला. पेटीवर टेबलफॅन लावला, उन्हानं तापत असेल म्हणून. विजेच्या दाबावर संशय घेऊन इन्व्हर्टरवर चालवून पाहिली. आनंदाबाईंनी एकदा कोणाला न सांगता पेटीवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत झालेल्या उपायांत तोच एक स्वस्तातला होता.

पुण्याच्या ऑफिसातला कर्नेलवाला म्हणाला, "कर्नेल तोच आहे, जुन्या पेटीत चालतोय ना? मग बोर्डाचं बघा." बोर्डवाल्या कंपनीनं कळवलं, "आमचे चारही कोर तपासून पाठवलेत, ठणठणीत आहेत. कर्नेलचं बघा." दोघंही खरं बोलत होते. एक जण खोटं बोलत असता तर सुरभीनं त्याला पकडला असता, पण दोन खऱ्यांच्या मधे सापडलेल्या माणसानं जावं कुठं? तिला रात्रंदिवस तेच सुचायचं. वरणात मीठ घातलं की नाही ते आठवायचं नाही, कोणी काही सांगितलं तर "हो" म्हणायची आणि नंतर "काय म्हणालात?" विचारायची. शेवटी वैतागून तिनं साहेबाला लिहून टाकलं की नव्या पेटीतले तीन कोर मेलेले आहेत, दुसरी पेटी पाठवा.

त्याच आठवड्यात रूपरावांच्या नव्या घराची वास्तू, म्हणजे वास्तुशांत, होती.

सेवाग्रामच्या दवाखान्यात बाबूगिरी करून निवृत्त झालेल्या माणसानं नालवाडीतल्या जुन्या घराला लागूनच दोन खोल्या, ओसरी आणि वर गच्ची एवढं बांधलं होतं, आणि त्याचा त्यांना फार आनंद होता. फक्त एकच गोष्ट त्यांना खात होती. "भाऊ आला तं वास्तू झाली म्हनाची," ते सुरभीला म्हणाले. "नाई आला तं नुसत्या विटा रचल्या म्या." आणि आयुष्यात पहिल्यांदा मान बाजूला ठेवून ते कुंकू-अक्षता घेऊन स्वतः थोरल्या भावाच्या दारी आवतन द्यायला गेले.

आमच्याकडं जेवायला बोलवायचं तर दोनदा बोलवावं लागतं. पहिलं हे आवतन. त्यातही चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या एकूण एक माणसानं यायचं आणि त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायची नाही. पण आवतन मिळालं म्हणून कोणी उठून जेवायला जात नाही, तसं जाणं म्हणजे हावरटपणा. माणसं आंघोळ करून, कपडे करून घरातच बसून राहतात. स्वयंपाक झाला, पानं मांडली की यजमानाचा माणूस दारात येऊन म्हणतो, "चला जेवाले." हे बलावणं. ते आलं की मग निघायचं. शिकलेल्या पोरांना हा रिकामटेकडेपणा वाटतो. पण आमच्या माणसांचा सगळा मान त्या दुसऱ्या हाकेत असतो, आणि मानाच्या बाबतीत आम्ही भुकेचं ऐकत नाही.

"भाऊ, घर बांधलं," रूपराव दारात उभ्यानंच म्हणाले. "वास्तू हाय. तुमाले चूलबंद आवतन हाय."

चंद्रभान सुपारी कातरत होते. कातरत राहिले. मग म्हणाले, "पाहू."

घरी येऊन रूपरावांनी तो एक शब्द आनंदाबाईंना सांगितला. आमच्याकडं 'पाहू' म्हणजे हो नव्हे आणि नाहीही नव्हे. आनंदाबाई म्हणाल्या, "नाई तं नाई म्हनले ना? मंग येतात." रूपरावांनी ते ऐकलं आणि पंक्तीच्या टोकाला ठेवायचा मोठा पाट स्वतः घासून धुवून ठेवला.

वास्तूच्या दिवशी रूपराव आणि आनंदाबाई पूजेला बसले. एकदा बसलं की उठता येत नाही. गुरुजी मंत्र म्हणत होते, मागच्या अंगणात आलू-वांग्याच्या भाजीला फोडणी बसली होती, आणि मांडवाच्या तोंडाशी हरिदास सायकल घेऊन उभा होता. हा हरिदास म्हणजे नालवाडीतल्या प्रत्येक कार्यात बलावणं करणारा माणूस. त्याला लिहून द्यावं लागत नाही. कोणाचं घर कुठं आणि कोणाला आधी बोलवायचं हे सगळं त्याच्या डोक्यात. गल्लीच्या तोंडाशी त्याचा आवाज आला की शेवटच्या घरात माणूस चप्पल शोधायला लागतो.

रूपरावांनी पाटावरूनच मान वळवून सुरभीला सांगितलं, "हरिदासले सांगजो, पहिलं बलावणं भाऊच्या दारी."

"हो," सुरभी म्हणाली, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला.

बोर्डवाल्या कंपनीतला माणूस होता. किती दिवस तिनं त्याच्या मागं लागून काढले होते, आणि त्याला मुहूर्त सापडला तो हा. ती मांडवाच्या कडेला गेली. इकडं मंत्र, तिकडं फोडणी, मधे हा बोलतोय. "मॅडम, नवीन बोर्डात आम्ही व्यवस्था सुधारली आहे. आता बाकीचे कोर आम्ही सांभाळतो. तुम्हाला काही करायची गरजच नाही." सुरभीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काही करायची गरज नाही म्हणे! तीन कोर मेलेत आणि हा म्हणतो आम्ही सांभाळतो!

"सुरभीबाई, पानं मांडून झाले," हरिदास मधेच म्हणाला. "निघू काय? कोनाकडून सुरू करू?"

तिला बाबांचं सांगणं आठवलं. पण फोन कानाला होता आणि डोकं पेटीत. तिच्या मनात आलं, मोठ्या बाबांचं काम नाजूक आहे, ते हरिदासवर कशाला सोडा, आपणच करू. "मोठ्या बाबांकडचं मी पाहते," ती म्हणाली. "तिकडं तुमी जाऊ नका. बाकीचे करा."

हरिदासनं मान डोलावली आणि सायकलवर टांग टाकली.

आणि सुरभीनं मोठ्या बाबांकडचं पाहिलं. बोर्डवाल्याशी भांडता भांडताच तिनं 'उमाटे परिवार' या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'जेवण तयार आहे, मोठे बाबा आणि मोठी आई यांना घेऊन यावे', आणि त्यांच्या मुलाचं, रजतचं, नाव त्यात घातलं. पुढं बरोबरच्या दोन खुणा उमटल्या. काम झालं. फोनवरचं भांडण मात्र तसंच राहिलं आणि तो माणूस "मेल करतो" म्हणून निसटला.

माणसं येऊ लागली. बाजूच्या गल्लीतले आले, मागच्या गल्लीतले आले, नत्थूजी पाटलांकडचे सगळे आले. पहिली पंगत बसायची वेळ झाली. टोकाच्या पाटाभोवती रांगोळी, पुढं केळीचं पान, आणि पाट रिकामा. रूपराव एकदा फाटकाशी जाऊन आले. मग काही निमित्त काढून पुन्हा गेले.

"भाऊ नाई आले वाटते," नत्थूजी म्हणाले. त्यांना ते म्हणायची काही गरज नव्हती, पण काही माणसांना गरज लागत नाही.

"येतात," रूपराव म्हणाले.

भात निवायला लागला तसं गुरुजींनीच सांगितलं की आता थांबू नका. पंगत बसली. वदनी कवळ झालं, वरण आलं, भाजी आली, बुंदी फिरली. मग दुसरी पंगत बसली आणि उठली. टोकाचं पान उन्हानं कडेला वळलं. पाहुणे पान खाऊन पांगले, आणि रूपराव मांडवाच्या खांबाला टेकून बसले. त्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"जेवून घ्या, बाबा," सुरभी म्हणाली.

"नाई आला," ते म्हणाले. "त्याच्या मनातून गेलं नाई अजून. राहू दे, तू जेव."

सुरभीला असा राग आला की हातातलं ताट तिनं आपटलंच. बाप स्वतः दारी गेला, कुंकू लावलं, आणि यांचा अजून ताठा! मेलेल्या कोरांवर काढता न आलेला सगळा राग तिच्या पायांत उतरला आणि ती चपलाही न घालता तीन गल्ल्या तुडवत निघाली. आता जे व्हायचं ते होऊ दे, आज ती मोठ्या बाबांना तोंडावर विचारणार होती.

दार उघडं होतं. मोठे बाबा ओसरीत लोखंडी खुर्चीवर बसले होते. अंगात पांढरा सदरा, इस्त्रीची घडी अजून मोडलेली नाही. डोक्यावर टोपी. मांडीवर कापडी पिशवी आणि तिच्यातून नव्या तांब्याच्या कळशीचं तोंड डोकावत होतं. आत मोठी आई, जिजाबाई, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून भिंतीला पाठ लावून बसलेली.  पण राग पायांतून जिभेपर्यंत आलेलाच होता.

"मोठे बाबा, तुमचा राग माह्यावर हाय ना? मंग बाबाले काऊन शिक्षा? थे जेवले नाई अजून."

"कशाचा राग वं?" मोठे बाबा म्हणाले.

"मंग तुमी आले काऊन नाई?"

त्यांनी तिच्याकडं असं पाहिलं की पोरगी शहाणी की खुळी हे त्यांना ठरवता येत नसावं. "बलावणं कुठं आलं?"

"मी टाकलं होतं ना ग्रुपवर. रजतले..." आणि बोलता बोलताच तिचा आवाज बारीक झाला.

"रजत ड्युटीवर हाय, पुलगावले, दारूगोळ्याच्या डेपोत," आतून जिजाबाई म्हणाल्या. "त्याईले फोन बाहेरच ठेवा लागते, माय. संध्याकाळी येईन तवा पाहीन थो."

मोठ्या बाबांच्या खिशातला फोन बटणांचा होता. तो फक्त वाजतो.

"हरिदास आलता गल्लीत," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि सुरभीला तेच जास्त लागलं. "म्या त्याचा आवाज आयकला. टोपी घातली, पिशवी घेतली, उभा राह्यलो. बाजूच्या घरी त्यानं बलावलं. समोरच्या घरी बलावलं. अन् माह्या दारावरून सायकल घेऊन चालला गेला, इकडं पाह्यलंबी नाई. मले वाटलं, रूपरावनंच सांगतलं असन. आवतन देल्लं लोकायले दाखवाले, बलावणं नको करजो म्हनून." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "मी तं बसलोच होतो तयार."

सुरभीनं आत पाहिलं. शेगडी पुसून लख्ख होती. भांडी पालथी. घरात कसलाच वास नव्हता.

"मोठी आई, तुमी जेवल्या?"

"आता गं माय," जिजाबाई म्हणाल्या, "चूलबंद आवतन होतं ना? मंग चूल कशाले पेटवाची?"

सुरभीला रडू आलं. लाजेनं आलं. कारण पुढचं सगळं तिला एकदम दिसलं, की हरिदास बरोबर इथंच येणार होता, बाबांनी पहिलं नाव हेच सांगितलं होतं, आणि मधे पडून 'मी पाहते' म्हणणारी ती स्वतः होती. ना हरिदास चुकला, ना बाबा, ना हे दोघं. तिनंही बलावणं केलं होतंच की! फक्त जिथं कोणी बसलेलं नाही तिथं केलं होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

"माह्यं चुकलं, मोठे बाबा," ती म्हणाली. "हरिदासले मीच नको म्हनलं. चला ना आता. चला जेवाले."

मोठे बाबा हलले नाहीत. "आता पंगत उठली असन."

"तुमचं पान तसंच हाय."

"हे बलावणं होय काय?"

सुरभी गोंधळली. "म्हणजे?"

"घरात घुसून, रडत रडत कोनी बलावणं करते काय? बलावणाऱ्याले दारात उभं राहा लागते. जा तिकडं."

ती अनवाणीच परत दाराबाहेर गेली. गल्लीत दोघं-तिघं जण बघत होते. तिनं डोळे पुसले आणि हरिदास काढतो तसा आवाज काढायचा प्रयत्न केला. तो निम्म्यात चिरकला. "मोठे बाबा, मोठी आई, चला वो जेवाले! चूलबंद!"

"आलो," आतून आवाज आला, आणि खुर्ची सरकली.

वाटेनं मोठे बाबा पुढं, पिशवी सांभाळत, जिजाबाई त्यांच्या मागं आणि सुरभी सगळ्यात मागं. दुसऱ्या गल्लीच्या वळणावर ती अचानक थांबली. मांडवातल्या फोनवरचं ते वाक्य तिच्या कानात आत्ता कुठं पोचलं होतं. बाकीचे कोर आम्ही सांभाळतो. सांभाळतो म्हणजे? नव्या पेटीतल्या फर्मवेअरनं तिघांना आपल्या ताब्यात घेतलं असेल तर? आकडा तोच ठेवून आतली रीतच बदलली असेल तर? मग हाक मारायची ती फर्मवेअरला सांगून, त्याच्यामार्फत. आणि तक्ता तर जुन्या पेटीचाच होता. तो कर्नेलला सांगत होता की तिघं आपापल्या दारात डोळे लावून बसलेत, दारावर निरोप ठेव म्हणजे येतील. कर्नेल बिचारा रोज त्या रिकाम्या दारांवर निरोप ठेवत होता, थोडी वाट बघत होता आणि लिहीत होता, हजर झाला नाही. ज्या पेटीत जुनी रीत होती तिथं हेच चालत होतं, म्हणून तक्त्यावर कोणाचा संशयच गेला नाही.

असंच असेल का? तिला खात्री नव्हती. इतके दिवस तिला इतक्या गोष्टींची खात्री वाटली होती की आता खात्रीचीच भीती वाटत होती. पण तिघं मेले नसतील, एवढं मात्र तिला वाटलं. आणि आपण त्यांना मेलेले म्हणून लिहूनही टाकलं, याचं वाईट वाटलं. कोरांचं कोणाला वाईट वाटतं का? पण वाटलं खरं.

"काऊन थांबली वं?" मोठ्या बाबांनी मागं वळून विचारलं.

"काही नाई. चला."

फाटकाशी रूपराव उभे होते. थोरल्या भावाला बघून ते तांब्या घेऊन पाय धुवायला पाणी देऊ लागले, आणि अर्धं पाणी स्वतःच्याच पायांवर सांडलं. चंद्रभानांनी कळशी त्यांच्या हातात ठेवली. "घर बरं बांधलं," ते म्हणाले. मग भिंतीवर हात फिरवून पाहिला आणि जोडलं, "प्लास्टर जरा घाईत केलं." रूपरावांना एवढा आनंद झाला की त्यांनी प्लास्टर घाईतच झाल्याचं ताबडतोब कबूल केलं.

वळलेलं पान काढून आनंदाबाईंनी नवं मांडलं. जिजाबाईंना त्यांनी हाताला धरून आपल्या बाजूला बसवलं. मोठे बाबा टोकाच्या पाटावर बसले. रूपराव स्वतः भात वाढत होते आणि किती वाढायचा ते त्यांना कळत नव्हतं. सुरभी बुंदीची बादली घेऊन उभी होती.

"तुह्या त्या पेटीचं काय झालं?" पहिला घास घेऊन मोठ्या बाबांनी विचारलं. "रजत सांगे, डोकं फोडून राह्यली म्हने तू."

"चार गडी हायेत तिच्यात, मोठे बाबा. एक उठते अन् तीन नाई उठत. मी समजली, मेले."

"मंग?"

"मेले नसन. तयार होऊन बसले असन. बलावणं भलत्याच दारी जाऊन राह्यलं, असं वाटते आता."

मोठ्या बाबांचा हात भातावरच थांबला. "अन् हे तुले कवा समजलं?"

"आत्ता. रस्त्यात."

"मंग इथं मले बुंदी काय वाढून राह्यली? जा, बलाव त्याईले पहिले." ते पुन्हा कालवायला लागले आणि मग भाताकडं बघतच म्हणाले, "तयार होऊन बसनं लय वाईट असते, बाई. मानसाले काय काय वाटते मनात."

रूपराव भाताचं भांडं घेऊन तसेच उभे राहिले. सुरभीनं बुंदीची बादली आईकडं दिली आणि आत पेट्यांपाशी गेली. तक्त्यातली हाक मारायच्या पद्धतीची ती ओळ तिनं बदलली, नवी पेटी बंद केली, पुन्हा चालू केली. पडद्यावर अक्षरं पळू लागली तेव्हा तिला तिकडं बघायचं धाडस होईना, म्हणून तिनं खिडकीतून बाहेर बघितलं. मोठे बाबा पाटावर जरा सरकले होते आणि बाजूची जागा हातानं थोपटत होते. "रूपराव," ते म्हणत होते, "चाल जेवाले." तिच्या पाठीमागं पडद्यावर दुसरा हजर झाला, तिसरा झाला, चौथा झाला. बाहेर बाबांनी भांडं खाली ठेवलं आणि ते भावाच्या बाजूला जेवायला बसले.